योदोचा चढ, योदोचा उतार

क्योतोच्या रेसकोर्सला जपानी पंटर, म्हणजे घोड्यांवर पैसे लावणारा, क्योतो म्हणत नाही, योदो म्हणतो. योदो हे त्या भागाचं आणि तिथल्या केइहान रेल्वेच्या स्टेशनचं नाव. स्टँडमधून बघितलं तर मैदानाच्या मधोमध तळं दिसतं आणि तळ्यापलीकडची वाट एका बाजूला जराशी उचललेली वाटते. पलीकडची सरळ वाट अर्ध्यावर आली की जमीन चढू लागते. तिसऱ्या वळणापर्यंत चढ, तिथून चौथ्या वळणापर्यंत उतार, मग जेमतेम ४०० मीटरची सपाट वाट आणि शेवटचा खांब. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या जागेत फरक ४.३ मीटरचा, म्हणजे दीड मजल्याइतका. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेन्नो शो, म्हणजे जपानच्या सम्राटाच्या नावाची शर्यत, वसंतात इथे ३२०० मीटरवर होते आणि तिच्यात हा दीड मजला दोनदा चढून दोनदा उतरावा लागतो.

या टेकडीचा एक जुना नियम आहे: सावकाश चढा, सावकाश उतरा. आपल्याकडे घाटात गाडी शिकवणारा उस्ताद सांगतो ना, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, तसंच हे. चढाचं कुणालाही कळतं. पाचशेच्या आसपास किलोंचा घोडा, त्यावर जॉकी, खोगीर आणि शिशाची वजनं मिळून ५८ किलो (घोडीला ५६). हा सगळा भार वर नेताना जोर लावला तर तो जोर शेवटच्या ४०० मीटरांतून वजा होतो. उतारावर मात्र भले भले फसतात. उतारावर वेग फुकट मिळतो असं वाटतं. तो फुकट नसतो. घोड्याचं वजन तसंही पुढच्या पायांवर जास्त असतं, उतारावर ते आणखी पुढे सरकतं, आणि उतार संपतो तिथेच चौथं वळण आहे. तिथे वेग जास्त झाला की घोडा वळणाच्या बाहेर फेकला जातो.

बाहेर फेकलं जाण्याची किंमत मोजता येते. अर्धवर्तुळाच्या वळणावर एक मीटर बाहेरून धावलं तर तीन मीटरांहून थोडं जास्त अंतर पडतं, म्हणजे एका लेंग्थहून (घोड्याच्या लांबीहून) अधिक. या शर्यतीत वळणं सहा, म्हणजे तीन अर्धवर्तुळं. अख्खी शर्यत कठड्यापासून एक मीटर लांब धावणाऱ्याने जवळजवळ चार लेंग्थ आधीच देऊन टाकलेल्या असतात. वसंतातल्या तेन्नो शोमध्ये सुरुवातीला आतला, कठड्याजवळचा गेट मिळाला की ट्रेनरचा चेहरा का खुलतो, ते यावरून समजावं.

सुरुवात पलीकडच्या सरळ वाटेवर होते. गेट उघडले की थोड्याच वेळात पहिला चढ, मग पहिला उतार, आणि घोडे स्टँडसमोर येतात. इथे दुसरा सापळा असतो. घोड्याला ३२०० मीटर म्हणजे काय ते कुणी सांगितलेलं नसतं. आजवर स्टँडसमोरची आरडाओरड ऐकू आली की शर्यत संपायची, एवढंच त्याला ठाऊक. लोक ओरडतात, घोड्याला वाटतं हीच शेवटची वाट, आणि तो लगाम ओढत पुढे झेप घेऊ पाहतो. जपानीत याला 'काकारु' म्हणतात. अशा वेळी जॉकी जोराने मागे खेचू लागला तर घोडा तोंड वर करून आणखी भांडतो आणि त्या भांडणातच दम घालवतो. म्हणून मुरलेला जॉकी भांडण होऊच देत नाही. पहिल्याच वळणात तो आपला घोडा दुसऱ्या घोड्याच्या मागे नेऊन ठेवतो. याला भिंत घेणं म्हणतात. समोर कुणाची तरी पाठ दिसत असली की कळपातलं जनावर निवांत होतं. घोड्याचं आणि स्वाराचं असं पटलेलं असणं म्हणजे 'ओरिआई'. लांब पल्ल्याच्या शर्यतीचं बोलणं निघालं की जाणकाराच्या तोंडी हा शब्द वेगाच्या आधी येतो.

वेग मोजतात हारोनमध्ये. हारोन म्हणजे आपला फर्लांग. महालक्ष्मीच्या पंटरला न शिकवता कळेल असा हा जपानी शब्द, कारण दोघांनीही तो इंग्रजांकडूनच उचलला. जपानने त्याचे चोख २०० मीटर केले इतकंच. ३२०० मीटर म्हणजे सोळा हारोन. या शर्यतीचा विक्रम कितासान ब्लॅक या घोड्याने २०१७ मध्ये केला, ३ मिनिटं १२.५ सेकंद. सोळाने भागा, हारोनला १२ सेकंदांहून अगदी कणभर जास्त. चढ, उतार, सहा वळणं, सगळं धरून. जॉकीच्या डोक्यात एक घड्याळ असावं लागतं म्हणतात ते यासाठी: बाराच्या जागी साडेअकराने धावतोय हे त्याला टापांच्या आवाजावरून आणि स्वतःच्या मांड्यांवरून कळायला हवं. १९८९ ते १९९२ अशी चार वर्षं ओळीने वसंतातली शर्यत जिंकणाऱ्या ताके युताकाचं नाव या घड्याळासाठी घेतात. वसंतातल्या त्याच्या एकूण तेन्नो शो आठ.

नियम इतका पक्का असूनही योदोची सगळ्यात जास्त आठवली जाणारी दौड नियम मोडणारी आहे. ती तेन्नो शोमधली नव्हे, याच टेकडीवर शरदात होणाऱ्या ३००० मीटरच्या किक्का शोमधली. १९८३ साली मिस्टर सी.बी. हा घोडा सगळ्यात मागे होता. दुसऱ्या वेळी चढ लागला आणि जॉकी योशिनागा मासातोने, जिथे हलायचं नाही तिथेच, घोडा सोडला. चढावर तो एकेकाला मागे टाकत गेला, उतारावर सगळ्यांच्या पुढे निघाला, आणि तसाच जिंकला. तिहेरी मुकुट, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यती, पुरा झाला. म्हणून नियम खोटा ठरला का? मला तसं वाटत नाही. तो घोडा तसाच होता, मागे राहून भडकणारा आणि सुटला की न थकणारा. त्याचं पाहून पुढे चढावर घोडे सोडणाऱ्यांचे घोडे शेवटच्या वाटेवर पाय ओढत आलेलेच जास्त.

*

सम्राटाचं नाव या शर्यतीला चिकटलं ते योकोहामाला. नेगिशीच्या टेकडीवर १८६६ मध्ये परदेशी वसाहतीतल्या लोकांसाठी रेसकोर्स झाला. सम्राट मेजी तिथे अनेकदा जात, शेवटचे गेले १८९९ मध्ये. १९०५ मध्ये त्यांच्याकडून आलेल्या बक्षिसाची एम्परर्स कप ही शर्यत नेगिशीला सुरू झाली. तेन्नो शोची वंशावळ तिथपासून मोजतात. त्या सालाला संदर्भ आहे. चीनशी आणि मग रशियाशी झालेल्या लढायांत जपानी लष्कराला आपले घोडे किती लहानखुरे आणि बेशिस्त आहेत ते कळून चुकलं होतं. चांगली पैदास हवी तर पारख हवी, आणि पारख करायची तर शर्यत हवी, असा तो हिशेब. राजाच्या बक्षिसाने शर्यतीला अब्रू मिळाली. अर्थात जुगार लगेच हाताबाहेर गेला आणि १९०८ मध्ये सरकारने तिकिटांवर बंदी घातली. ती उठायला १९२३ उजाडलं.

तोवर राजघराण्याचं बक्षीस वेगवेगळ्या क्लबांच्या मैदानांवर वर्षातून बऱ्याच वेळा दिलं जात होतं. १९३६ मध्ये हे क्लब एका संस्थेत विलीन झाले आणि १९३७ पासून शर्यत वर्षातून दोनदाच ठेवली: शरदात पूर्वेला तोक्योत, वसंतात पश्चिमेला. लवकरच दोन्हीकडे अंतर ३२०० मीटर ठरलं. युद्धाने खंड पडला. १९४७ च्या वसंतात ती पुन्हा धावली तेव्हा तिचं नाव 'शांतता पारितोषिक' होतं. हरलेल्या देशात सम्राटाचं नाव घ्यावं की नाही याचा अंदाज घेणं चालू होतं, असं त्या नावावरून वाटतं. त्याच वर्षाच्या शरदात मात्र तेन्नो शो हे नाव लागलं ते आजतागायत. वसंतातली शर्यत बराच काळ २९ एप्रिलला व्हायची. तो सम्राट हिरोहितोंचा वाढदिवस.

जिंकणाऱ्याला ढाल मिळते. लाकडी ढाल, तिच्यावर राजघराण्याचं सोनेरी शेवंतीचं चिन्ह. जपानी पंटर शर्यतीलाच ढाल म्हणतो, 'या वर्षी ढाल कोण नेणार' असं. ही शर्यत वारंवार जिंकणारा जॉकी म्हणजे 'ढालवाला'. ढाल घ्यायला मालक पुढे येतो तेव्हा त्याच्या हातात पांढरेशुभ्र हातमोजे असतात. सोवळ्याचाच प्रकार हा. घोडा घामाने निथळतोय, जॉकीच्या तोंडावर चिखलाचे शिंतोडे, आणि मधे ते पांढरे हातमोजे.

आणि सोवळं म्हटलं की कोण चालेल, कोण नाही, हे आलंच. खच्ची केलेल्या घोड्यांना २००८ पर्यंत प्रवेश नव्हता. पैदाशीच्या पारखीसाठी ठेवलेल्या शर्यतीत ज्याची पैदासच होणार नाही त्याचं काय काम, हा विचार. परदेशात जन्मलेल्या घोड्यांना २००० सालापर्यंत बंदी. नंतर थोड्या जागा खुल्या झाल्या, पण त्याचाही एक मजेदार पेच पडला. २००१ च्या शरदात परदेशी जन्माच्या घोड्यांना दोन जागा होत्या. एका जागेवर मेइशो दोतो, दुसऱ्या जागेवर ऐन वेळी आग्नेस डिजिटल आला, आणि लोकांचा लाडका कुरोफुने बाहेर राहिला. लोक चिडले. बाहेर राहिलेला कुरोफुने आदल्या दिवशी त्याच मैदानात, गवताऐवजी वाळूवर १६०० मीटर धावला आणि ९ लेंग्थने विक्रमी वेळेत जिंकला. दुसऱ्या दिवशी आग्नेस डिजिटलनेही तेन्नो शो जिंकली. चिडलेल्यांना रागवायला कुणी उरलं नाही.

सगळ्यात कडक नियम मात्र वेगळाच होता. एकदा जिंकलेल्या घोड्याने पुन्हा या शर्यतीत यायचं नाही. राजाकडून एकदा मिळालं, झालं. आता दुसऱ्याला वाट द्या. हा नियम १९८१ मध्ये उठला. त्या आधीच्या विजेत्यांची नावं पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं, नाहीतर जुन्या घोड्यांच्या नावावर एकेकच ढाल बघून ते कमी दर्जाचे होते असं वाटतं. नियमाने भलतीच एक गोष्ट साधली. देशातलं सगळ्यात मोठं बक्षीस जिंकलेला, अजून पायात जोर असलेला घोडा मालकाच्या पागेत उभा असायचा आणि पुढच्या वर्षी त्याला ती शर्यत बंद. मग काही मालकांची नजर समुद्रापलीकडे गेली. १९६७ च्या वसंतात जिंकलेला स्पीड सिंबोली अमेरिकेत आणि पुढे युरोपात धावून आला. आणि त्याच्याही आधी हाकुचिकारा.

हाकुचिकाराने १९५६ मध्ये डर्बी जिंकली, १९५७ च्या शरदात तेन्नो शो. १९५८ मध्ये त्याला अमेरिकेला नेलं. तिथे तो हरला, पुन्हा हरला, हरतच राहिला. १९५९ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या सांता अनिताला वॉशिंग्टन्स बर्थडे हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात अशी शर्यत) त्याच्यापुढे राउंड टेबल होता, त्या काळचा अमेरिकेचा अव्वल घोडा, पाठीवर १३४ पौंड घेऊन. हाकुचिकारा जिंकला. जपानी घोड्याने परदेशातली मोठी शर्यत जिंकण्याची ती पहिली वेळ. त्याच्याबरोबर अमेरिकेला गेलेला जॉकी यासुदा ताकायोशी (तेन्नो शो दहा वेळा जिंकलेला, म्हणजे मूळचा ढालवाला) तिथून रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवं बसण्याची पद्धत शिकून आला. आज सगळेच जॉकी तसे बसतात. जपानात ती रुजवण्यात या माणसाचा मोठा हात.

हाकुचिकाराचं पुढचं आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९६८ मध्ये त्याला पैदाशीसाठी भारतात पाठवलं. १९७९ मध्ये तो भारतातच वारला. जपानच्या सम्राटाच्या नावाची शर्यत जिंकलेल्या त्या घोड्याचं रक्त आपल्या पागांमध्ये उतरलं. रेसच्या जुन्या पुस्तिका जपून ठेवणाऱ्यांनी घोड्यांच्या बापांच्या रकान्यात हे नाव जरूर शोधावं.

*

मेजिरो या पागेचं नाव घेतल्याशिवाय या शर्यतीवर लिहिता येत नाही. मालक कितानो तोयोकिची यांच्या लेखी डर्बीपेक्षा तेन्नो शो मोठी. डर्बी तीन वर्षांच्या पोराची. ढाल जिंकायला घोडा पुरता वाढलेला हवा. त्यांचा मेजिरो आसामा १९७० च्या शरदात जिंकला. करडा घोडा. पैदाशीला लावला तर पहिल्या वर्षी एकही घोडी गाभण राहिली नाही. घोड्याच्या तापावर झालेल्या औषधोपचाराचा हा परिणाम असं बोललं गेलं. भागीदार बाजूला झाले. कितानोंनी त्याला सोडलं नाही, आपल्याच घोड्या पाठवत राहिले. उभ्या आयुष्यात आसामाची पिल्लं विसाच्या आतच. त्यातला एक मेजिरो टायटन, तोही करडा. १९८२ च्या शरदात ढाल त्याची. टायटनचा मुलगा मेजिरो मॅक्क्वीन, तोही करडा. १९९१ आणि १९९२ ची वसंतातली ढाल त्याची. आजोबा, बाप, नातू. कितानो १९८४ मध्ये गेले, त्यांना तिसरी पिढी पाहायला मिळाली नाही.

त्याच मॅक्क्वीनच्या वाट्याला या शर्यतीचा सगळ्यात कडू दिवस आला. आणि त्याचं कारण मैदानाच्या आखणीत आहे, म्हणून ते जवळून बघू.

शरदातली तेन्नो शो १९८४ पासून ३२०० ऐवजी २००० मीटरची झाली. (त्या वर्षीचा विजेता, तोच तो नियम न मानणारा मिस्टर सी.बी.) तोक्योच्या फुचू मैदानात २००० मीटर मोजायचे तर गेट पहिल्या वळणातल्या एका खाचेत उभे करावे लागतात. गेट उघडले की शे-सव्वाशे मीटरांत दुसरं वळण. अठरा घोडे, प्रत्येकाला आत जायचंय, आणि वेळ आठ-नऊ सेकंद. बाहेरच्या गेटवाल्यापुढे दोनच मार्ग: वळणभर बाहेरून धावून लेंग्थ घालवायच्या, किंवा सगळ्यांच्या पुढून आत कापायचं.

२७ ऑक्टोबर १९९१. पाऊस, मैदानाचा चिखल. मॅक्क्वीन १३ नंबरच्या गेटवर, पसंतीत पहिला (म्हणजे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे त्याच्यावर), वर ताके युताका. दुसऱ्या वळणाआधी तो आत सरकला. आतले घोडे एकमेकांवर दाटले, मागच्यांना लगाम खेचावे लागले. मॅक्क्वीन पुढे गेला आणि ६ लेंग्थने जिंकला. जिंकल्यावर बोर्डावर चौकशीचा दिवा लागला. थोड्या वेळाने निकाल आला: मॅक्क्वीन अठरावा. अठरापैकी अठरावा. दुसऱ्या आलेल्या प्रेक्रास्नीला ढाल मिळाली. इतक्या वरच्या दर्जाच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या घोड्याला खाली ढकलण्याची जपानातली ती पहिलीच वेळ. निकाल पक्का होईपर्यंत तिकिटं फेकू नका असं तिथल्या रेसकोर्सवर माइकवरून सारखं सांगत असतात. त्यात किती अर्थ आहे ते त्या दिवशी प्रेक्रास्नीचं तिकीट चिखलात टाकून घरी गेलेल्यांना विचारावं.

तो जिंकला असताच, सहा लेंग्थ म्हणजे काय थोड्या, असं म्हणणारे आजही भेटतात. २०१३ मध्ये नियम बदलला: ज्याला अडथळा झाला तो घोडा अडथळा नसता तर पुढे आला असता का, हे आता बघतात, नसता आला तर निकाल तसाच ठेवून जॉकीला शिक्षा करतात. या मापाने मॅक्क्वीन बहुधा वाचला असता. पण मला जुनाच निकाल योग्य वाटतो. पहिल्या शंभर मीटरांतल्या घाईने मागच्या घोड्यांचे पाय अडकले असते तर चिखलात काय झालं असतं, याचं उत्तर सहा लेंग्थमध्ये नाही. २००३ मध्ये मैदान नव्याने आखताना या सुरुवातीत थोडी सुधारणा केली, तरी बाहेरचा गेट आजही नकोसाच.

या आखणीनेच असेल, पण शरदातली तेन्नो शो पसंतीच्या घोड्यांना खायची. १९८८ ते १९९९ अशी बारा वर्षं पहिल्या पसंतीचा घोडा एकदाही जिंकला नाही. हरलेल्यांची नावंच पाहा: ओगुरी कॅप ओळीने तीनदा, मॅक्क्वीन, तोकाई तेइओ, राइस शॉवर, बिवा हायाहिदे, नारिता ब्रायन. २००० मध्ये टी.एम. ऑपेरा ओने हे एकदाचं मोडलं.

त्या बारातला एक साइलेन्स सुझुका. १ नोव्हेंबर १९९८, एक नंबरचा गेट, अकरावी शर्यत. या घोड्याला आवरण्याचा प्रयत्न आधीच्या वर्षी झाला होता. आवरला की तो रुसायचा आणि मागे पडायचा. मग ठरलं की आवरायचंच नाही. सोडल्यावर त्या वर्षी त्याने ओळीने सहा शर्यती जिंकल्या, बहुतेक सगळ्या पहिल्या पावलापासून पुढे राहून. त्या दिवशीही ताकेने लगाम सैल सोडला. पहिले १००० मीटर ५७.४ सेकंदांत. मागचे घोडे इतके मागे की टीव्हीच्या कॅमेऱ्याला चित्र लांब न्यावं लागलं. फुचूच्या तिसऱ्या वळणाच्या आत एक मोठं झाड आहे. सगळे त्याला केयाकी म्हणतात, खरं तर ते एनोकी जातीचं. त्या झाडाआड घोडे क्षणभर दिसेनासे होतात. झाडामागून बाहेर आला तेव्हा सुझुकाचा वेग तुटलेला होता. पुढच्या डाव्या पायाचा सांधा चुरला होता. तशा पायावर तो पडला नाही. पडला असता तर जॉकीवर, आणि मागून येणाऱ्या घोड्यांच्या वाटेत. तीन पायांवर बाहेरच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला वाचवता आलं नाही. शर्यत ऑफसाइड ट्रॅपने जिंकली. सात वर्षांचा घोडा, पायाच्या शिरेच्या दुखण्यातून परत परत उठलेला, पण त्याची आठवण काढायला त्या दिवशी कुणाला उसंत नव्हती.

*

सम्राटाच्या नावाची शर्यत खरी, पण सम्राट स्वतः यायचे नाहीत. १८९९ नंतर २००५ च्या शरदात सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी फुचूला आले, १०६ वर्षांनी. एम्परर्स कपची शंभरी होती. जिंकली चौदाव्या पसंतीची घोडी, हेवन्ली रोमान्स. जॉकी मात्सुनागा मिकिओने तिला राजकक्षासमोर आणून उभं केलं, हेल्मेट काढलं आणि खोगिरावरूनच खोल वाकून नमस्कार केला. खाली उतरला नाही. उतरता येतच नाही: धावलेल्या वजनानिशी परत जाऊन काट्यावर उभं राहीपर्यंत जॉकीने घोडा सोडायचा नसतो, नाहीतर मधल्या मध्ये वजनाची लबाडी करायला वाट मिळेल.

२०१२ मध्ये सम्राट पुन्हा आले. एशिन फ्लॅशवर जिंकलेला इटालियन जॉकी मिर्को देमुरो घोड्यावरून खाली उतरला, राजकक्षासमोर हिरवळीवर एक गुडघा टेकला आणि मान झुकवली. नियम मोडला. शिक्षा झाली नाही. तो फोटो आज जपानमधल्या कोणत्याही रेसप्रेमीला डोळे मिटून दिसतो, मात्सुनागाचाही दिसतो, आणि चांगलं कोणतं यावर वाद होतात. मला मात्सुनागाचा जास्त आवडतो. दमलेली घोडी त्याच्याखाली स्तब्ध उभी आहे, हे त्यात दिसतं.

२०२३ मध्ये सम्राट नारुहितो आले आणि इक्विनॉक्स जिंकला, वर क्रिस्तोफ लमेर. वेळ १ मिनिट ५५.२ सेकंद. हारोनला साडेअकराच्या जरा वर. साइलेन्स सुझुकाने पहिल्या पाच हारोनांत जो वेग घेतला होता, जवळजवळ तोच या घोड्याने दहाही हारोन टिकवला, आणि तो पुढे पळत नव्हता, तिसऱ्या नंबरवर भिंत घेऊन निवांत होता.

इक्विनॉक्सचा बाप कितासान ब्लॅक, म्हणजे योदोच्या ३२०० मीटरचा विक्रमवीर. वसंतातली शर्यत फार लांब आहे, कमी करा, अशी ओरड वर्षानुवर्षं चालू आहे. जगभरची पैदास २००० मीटरकडे वळली. ३२०० जिंकलेला घोडा पैदाशीला मंद समजला जातो, म्हणून चांगले घोडे वसंतात क्योतोऐवजी परदेशी जातात. कितासान ब्लॅकच्या बाबतीतही बाजाराला हीच शंका होती. पैदाशीला उभा राहिला तेव्हा त्याची फी ५० लाख येन होती, मधे ती उतरलीदेखील. इक्विनॉक्स धावल्यानंतर, २०२४ मध्ये, ती २ कोटी येन झाली.

बापाचीही शरदातली ढाल याच फुचूची, २०१७ ची. वादळी पावसात मैदानाचं शेत झालं होतं. सुरुवातीला तो गेटमध्ये अडखळला, मागे पडला. मग सगळे चांगल्या गवताच्या शोधात बाहेर बाहेर जात असताना ताके युताकाने त्याला आतल्या, कुणालाच नको असलेल्या चिखलातून कठड्यालगत पुढे काढला. मीटर वाचवले, हिशेब तोच. वेळ लागली २ मिनिटं ८.३ सेकंद. त्याच २००० मीटरला पोराला लागली त्याहून तेरा सेकंद जास्त.